'कव्हर ओपन' म्हणजे उघडा की उघडं आहे? वाचकांचे प्रश्न

कार्यालयातली यंत्रं, त्यांच्या पडद्यावरचे संदेश आणि खोक्यातून येणारी माहितीपुस्तिका वाचत इंग्रजी कसं पक्कं करावं, याविषयी आलेल्या पत्रांना या पानांवर उत्तरं दिली आहेत. इंग्रजी वाक्यं आम्ही देवनागरीत छापतो. वहीत उतरवताना ती रोमन लिपीत लिहा आणि स्पेलिंग यंत्रावरूनच ताडून घ्या.

आमच्या नगरपंचायतीत नवा लेझर प्रिंटर आला आहे. पडद्यावर 'कव्हर ओपन' असं येतं, म्हणून मी कव्हर उघडतो, तरी संदेश जात नाही. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास आहे, पण असे दोन शब्दांचे संदेशही नीट उमगत नाहीत. सुरुवात कुठून करू?
*कनिष्ठ लिपिक, बीड जिल्हा*

'कव्हर ओपन' हा हुकूम नाही, तक्रार आहे. पूर्ण वाक्य असं: 'द कव्हर इज ओपन.' कव्हर उघडं राहिलं आहे, ते दाबून बंद करा, एवढंच यंत्राला म्हणायचं आहे. हुकूम असता तर शब्द उलट लागले असते: 'ओपन कव्हर', म्हणजेच 'ओपन द कव्हर'. इंग्रजीत नामाला विभक्तीचे प्रत्यय लागत नाहीत, त्यामुळे कोण कर्ता आणि कोण कर्म हे शब्दाच्या जागेवरूनच ठरतं. मराठीत 'कव्हर उघडा' आणि 'उघडा कव्हर' यांत फार बिघडत नाही. इंग्रजीत अर्थ उलटा होतो.

छोट्या पडद्यावर जागा नसते, म्हणून 'द', 'अ' ही उपपदं आणि 'इज', 'आर' ही क्रियापदं गाळतात. गाळलेले शब्द परत बसवणं हाच तुमचा पहिला अभ्यास. तीन गोष्टी पाहायची सवय लावा.

पहिला शब्द क्रियापद असेल तर काम तुमचं. 'रिप्लेस टोनर', 'लोड पेपर', 'क्लोज कव्हर', 'क्लिअर जॅम' हे सगळे आज्ञार्थ आहेत.

आधी वस्तू आणि मागून विशेषण असेल तर ती स्थिती आहे. 'टोनर लो', 'ट्रे 1 एम्प्टी', 'डोअर ओपन'. यावर काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. 'टोनर लो' आलं की लगेच कार्ट्रिज बदलायचं नसतं. ते बाहेर काढून आडवं धरून हळू पाच-सहा वेळा हलवलं तर आतली पूड सारखी पसरते आणि आणखी काही पानं निघतात. 'रिप्लेस टोनर' आलं की मात्र बदलायची वेळ झाली.

क्रियापदाच्या शेवटी 'इंग' असेल तर थांबा. 'वॉर्मिंग अप', 'प्रोसेसिंग', 'कूलिंग डाउन': यंत्र आपल्या कामात आहे, तुम्हाला काही करायचं नाही. इथेच घाईने बटण दाबून पुष्कळ जण चालू काम रद्द करून बसतात.

'एम्प्टी' आणि 'ओपन' हे शब्द क्रियापदही आहेत आणि विशेषणही. 'ट्रे एम्प्टी' म्हणजे ट्रे रिकामा आहे, कागद भरा. 'एम्प्टी द वेस्ट बॉक्स' म्हणजे डबा रिकामा करा. 'क्लोज' मात्र वेगळा वागतो. 'क्लोज' हुकूम आणि 'क्लोज्ड' स्थिती, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही.

पुस्तिकेच्या शेवटी 'ट्रबलशूटिंग' नावाचं प्रकरण असतं, त्यात संदेशांची यादी मिळते. त्यातले पंचवीस संदेश घ्या. वहीत तीन रकाने आखा: संदेश, पूर्ण इंग्रजी वाक्य, मी काय करायचं. पूर्ण वाक्य लिहिताना एक बारकावा सांभाळा. 'द कव्हर इज ओपन', पण 'ट्रे 1 इज एम्प्टी'. ज्या वस्तूला पुढे आकडा किंवा अक्षर आहे तिला 'द' लागत नाही. 'पेज 5', 'स्टेप 3', 'रूम 12' हेही तसेच. एका बैठकीत पाचच संदेश करा आणि तिसरा रकाना यंत्रासमोर उभं राहून भरा.

जुन्या प्रिंटरवर 'पीसी लोड लेटर' येतं. कॉम्प्युटरमधून पत्र पाठवा असा अर्थ लावून आम्ही पत्राची फाईल पुन्हा पुन्हा पाठवतो. उपयोग होत नाही.
*शाळेचे कार्यालय, सोलापूर जिल्हा*

इथे 'लेटर' म्हणजे पत्र नव्हे, कागदाचं माप. अमेरिकेत आपल्या ए4च्या जागी 'लेटर' नावाचा कागद चालतो, 216 गुणिले 279 मिलिमीटर. ए4 आहे 210 गुणिले 297, म्हणजे सहा मिलिमीटर अरुंद आणि अठरा मिलिमीटर उंच. 'पीसी' म्हणजेही कॉम्प्युटर नव्हे, 'पेपर कॅसेट', कागदाचा ट्रे. एचपीच्या जुन्या लेझरजेट प्रिंटरवर हा संदेश येत असे. नव्या यंत्रांवर तो 'ट्रे 2 लोड लेटर' अशा रूपात दिसतो. अर्थ: 'ट्रेमध्ये लेटर मापाचा कागद भरा.'

अशा संदेशाचा अर्थ लावायचा तर त्याचे जुळे शोधा. पुस्तिकेच्या यादीत 'लोड ए4' सापडेल, 'लोड लीगल' सापडेल. 'लोड'च्या पुढची जागा मापाची आहे हे तिथेच कळतं. एका शब्दासाठी शब्दकोश उघडण्याआधी त्याच साच्यातली आणखी दोन वाक्यं पाहायची. वाचनात याहून उपयोगी युक्ती आम्हाला माहीत नाही.

आता दुरुस्ती. ट्रेमध्ये ए4 आहे, पण फाईलचं पान लेटर मापाचं आहे, म्हणून यंत्र अडतं. वर्डमध्ये 'लेआउट'मधल्या 'साइज'मध्ये जाऊन 'ए4' निवडा. दर वेळी हे करायला नको असेल तर 'पेज सेटअप'च्या चौकटीत 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट' दाबा. मग प्रिंटरच्या 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्येही कागदाचं माप ए4 आहे ना ते पाहा. दोन्ही ठिकाणी जुळलं नाही तर संदेश परत येतो. 'डिफॉल्ट' या शब्दावरही थांबा: बँकेच्या पत्रात त्याचा अर्थ हप्ता थकवणं, इथे अर्थ 'तुम्ही काही निवडलं नाही तर यंत्र आपण होऊन जे धरतं ते'.

माहितीपुस्तिकेत जिकडेतिकडे 'इज चार्ज्ड', 'इज ट्रान्सफर्ड' अशी कर्मणी वाक्यं असतात. शाळेत कर्तरीचं कर्मणी करायला शिकवलं, पण ते वापरायचं कधी हे कुणी सांगितलं नाही.
*बी.कॉम.ची विद्यार्थिनी, रत्नागिरी*

पुस्तिका दोन प्रकारची वाक्यं आलटून पालटून वापरते. तुम्ही करायचं ते आज्ञार्थात. यंत्राच्या पोटात आपोआप घडतं ते बहुतेक कर्मणीत, कारण तिथे करणारा सांगून उपयोग नसतो. लेझर प्रिंटरचं वर्णन क्रमाने वाचून पाहा ('ड्रम' म्हणजे आतलं फिरणारं नळकांडं, 'टोनर' म्हणजे छपाईची पूड):

'द ड्रम इज चार्ज्ड. अ लेझर बीम ड्रॉज द इमेज ऑन द ड्रम. टोनर इज अ‍ॅट्रॅक्टेड टू द इमेज. द टोनर इज ट्रान्सफर्ड टू द पेपर. द टोनर इज मेल्टेड ऑन टू द पेपर बाय हीट अँड प्रेशर. द ड्रम इज क्लीन्ड.'

सहा वाक्यांत पाच कर्मणी. दुसरं वाक्य कर्तरी आहे, कारण तिथे कर्ता महत्त्वाचा: चित्र काढतो तो लेझरचा किरण. पाचव्यात 'बाय' आला, कारण कशाने वितळतं हे सांगायलाच हवं. बाकी वाक्यांत 'बाय' नाही. शाळेच्या सरावामुळे प्रत्येक कर्मणीला 'बाय' चिकटवायची खोड लागते, ती सोडा. आणि 'टोनर' पहिल्यांदा आला तेव्हा नुसता, दुसऱ्यांदा 'द टोनर': आत्ताच सांगितलेला तोच. उपपदांचा यापेक्षा चांगला धडा व्याकरणाच्या पुस्तकात क्वचितच मिळेल.

हीच सहा वाक्यं बिघाड शोधायलाही कामाला येतात. छापलेली अक्षरं बोटाने पुसली जात असतील तर पाचवं वाक्य नीट घडलेलं नाही, म्हणजे फ्यूजर (टोनर वितळवून कागदावर बसवणारा गरम भाग) पुरेसा तापत नाही किंवा कागद जास्त जाड आहे. एकच डाग पानावर ठराविक अंतराने उमटत असेल तर एखादा गोल भाग खराब आहे. डागांमधलं अंतर म्हणजे त्या भागाचा परीघ. ड्रमचा व्यास 30 मिलिमीटर असेल तर डाग साधारण 94 मिलिमीटरवर पडतील. पुस्तिकेत हे असं असतं: 'इफ मार्क्स आर रिपीटेड अ‍ॅट रेग्युलर इंटर्व्हल्स...' पट्टी घेऊन मोजा आणि पुढचं वाक्य वाचा.

भूतकाळातलं कर्मणी हवं असेल तर झेरॉक्सचा इतिहास घ्या. चेस्टर कार्लसन यांनी 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली कोरडी प्रत काढली. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर होता, तो रुमालाने घासून त्यावर विद्युतभार आणला. काचेवर शाईने तारीख आणि 'अ‍ॅस्टोरिया' एवढंच लिहिलं होतं. काच पत्र्यावर ठेवून प्रकाश टाकला आणि पूड भुरभुरवली. पूड जिथे चिकटली तिथे अक्षरं दिसली, ती मेणकागदावर उतरवली. हा परिच्छेद इंग्रजीत लिहून पाहा: 'द प्लेट वॉज रब्ड', 'द पावडर वॉज डस्टेड', 'द इमेज वॉज ट्रान्सफर्ड'. झेरॉक्स 914 हे यंत्र 1959 साली आलं. नऊ गुणिले चौदा इंचांपर्यंतच्या कागदाची प्रत निघायची, म्हणून 914. वजन सुमारे 650 पौंड. इथे 'द मशीन वॉज इंट्रोड्यूस्ड इन 1959' म्हणायचं. 'हॅज बीन इंट्रोड्यूस्ड इन 1959' चुकीचं, कारण साल सांगितलं की 'हॅज'ला जागा उरत नाही. हाच नियम पुढच्या पत्राला लागू आहे.

कंपनीच्या तक्रार विभागाला मी ईमेल लिहिते: 'द प्रिंटर इज नॉट वर्किंग सिन्स थ्री डेज. काइंडली डू द नीडफुल.' साहेब म्हणतात इंग्रजी सुधारा. नेमकं काय चुकतं?
*कार्यालय सहायक, नाशिक*

दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून आल्या आहेत. 'सोमवारपासून चालत नाही' आणि 'तीन दिवसांपासून चालत नाही' यांत आपल्याला 'पासून' हे एकच शब्दयोगी अव्यय पुरतं. इंग्रजी दोन शब्द मागते. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स': सिन्स मंडे, सिन्स 10 ओ'क्लॉक, सिन्स द लास्ट अपडेट. कालावधी मोजून सांगायचा तर 'फॉर': फॉर थ्री डेज, फॉर टू आवर्स.

दुसरी चूक काळाची. 'चालत नाही' हा मराठीत वर्तमानकाळ. इंग्रजीत मात्र मागे सुरू होऊन आजवर पोचलेल्या गोष्टीला 'हॅज बीन' लागतो: 'द प्रिंटर हॅज नॉट बीन वर्किंग फॉर थ्री डेज.'

हाच घोटाळा 'पर्यंत'चा. 'गुरुवारपर्यंत माणूस पाठवा' यात 'बाय थर्सडे', कारण माणूस एकदाच यायचा आहे. 'गुरुवारपर्यंत कार्यालय बंद आहे' यात 'अनटिल थर्सडे', कारण बंद असणं सतत चालू आहे. 'सेंड अ टेक्निशियन अनटिल थर्सडे' लिहिलंत तर गुरुवार उजाडेपर्यंत माणसं पाठवत राहा असा विनोदी अर्थ होतो.

'काइंडली डू द नीडफुल'ला व्याकरणाच्या दृष्टीने नावं ठेवता येत नाहीत. आमची हरकत वेगळी: समोरच्याला काय करायचं ते त्यातून समजत नाही. तक्रारीत चार गोष्टी हव्यात: कोणतं यंत्र, काय होतं, तुम्ही काय केलंत, आता काय हवं. प्रत्येकीचा काळ ठरलेला आहे.

'द प्रिंटर इन द अकाउंट्स सेक्शन हॅज नॉट बीन प्रिंटिंग सिन्स मंडे. इट पुल्स द पेपर इन अँड स्टॉप्स. द स्क्रीन शोज अ पेपर जॅम, बट वुई कॅन सी नो पेपर इनसाइड. वुई क्लीन्ड द रोलर यस्टरडे, बट द प्रॉब्लेम हॅज नॉट गॉन अवे. प्लीज सेंड अ टेक्निशियन बाय थर्सडे.'

नेहमी घडतं ते साध्या वर्तमानात, 'पुल्स' आणि 'स्टॉप्स'. काल केलं ते साध्या भूतकाळात, 'क्लीन्ड'. परिणाम अजून टिकून आहे तिथे 'हॅज'. 'वुई हॅव क्लीन्ड इट यस्टरडे' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण 'यस्टरडे'सोबत 'हॅव' बसत नाही. मॉडेल नंबर विषयाच्या ओळीत टाका, तो यंत्राच्या मागच्या किंवा खालच्या बाजूच्या चिकटपट्टीवर असतो.

जाता जाता: आत कागद नसताना 'जॅम' दिसत असेल तर बहुधा नखाएवढा तुकडा सेन्सरवर अडकलेला असतो, किंवा कागद लागला की खाली झुकणारी प्लास्टिकची छोटी पट्टी वर येत नसते. टॉर्च लावून एकदा पाहा, मग मेल पाठवा.

'डू नॉट टर्न ऑफ द प्रिंटर अनटिल द लाइट स्टॉप्स ब्लिंकिंग.' हे वाक्य वाचून आमच्या दोन सहकाऱ्यांत वाद झाला. एकाने लाइट लुकलुकत असतानाच प्रिंटर बंद केला.
*एक वाचक, परभणी*

लाइट लुकलुकायचा थांबत नाही तोवर बंद करू नका, असा अर्थ. मराठीत 'तोवर'च्या आधी आपण 'नाही' घालतो. इंग्रजीत 'अनटिल'च्या पोटातच तो असतो, वेगळा घालत नाहीत. म्हणून वाचताना नकार हरवतो आणि लिहिताना जास्तीचा येतो: 'अनटिल द लाइट डज नॉट स्टॉप' हे चूक. 'अनलेस'चंही तसंच. 'डू नॉट रिमूव्ह द कार्ट्रिज अनलेस द स्क्रीन टेल्स यू टू': पडद्याने सांगितलं नसेल तर काढू नका. 'अनलेस' म्हणजेच 'इफ नॉट', त्यापुढे आणखी 'नॉट' नको.

अशी वाक्यं वाचताना आम्ही विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारायला सांगतो: आधी काय घडायला हवं? पेन्सिलीने त्या घटनेवर 1 लिहा, दुसरीवर 2. वरच्या वाक्यात 'लाइट स्टॉप्स' ला 1 आणि 'टर्न ऑफ' ला 2, जरी छापील क्रम उलटा असला तरी. 'बिफोर', 'आफ्टर', 'वन्स', 'अनटिल' असलेली दहा वाक्यं अशी आकडे घालून वाचली की वाद मिटतात. प्रिंटरचं सॉफ्टवेअर बदलत असताना वीज तोडली तर यंत्र पुढे सुरूच होत नाही असंही होऊ शकतं, तेव्हा हे नुसतं व्याकरण नाही.

'इफ'च्या वाक्यातही मराठी आडवी येते. आपण 'लाइट लागला तर' म्हणतो, रूप भूतकाळाचं. किंवा 'बटण दाबाल तर', रूप भविष्याचं. इंग्रजी पुस्तिकेत दोन्ही ठिकाणी साधा वर्तमान: 'इफ द लाइट कम्स ऑन', 'इफ यू प्रेस द बटन'. 'इफ द लाइट केम ऑन' लिहिलं की ते 'समजा लागलाच असता' असं कल्पनेतलं होतं.

आम्ही टायपिंग इन्स्टिट्यूट चालवतो. विद्यार्थी मिनिटाला तीस-चाळीस शब्द टाइप करतात, पण टाइप केलेल्या उताऱ्यात काय होतं विचारलं तर गप्प. उतारे कसे निवडावे, सराव कसा घ्यावा?
*संचालिका, कोल्हापूर*

बोटं आणि डोळे काम करतात, अर्थ बाजूला राहतो. टायपिंगची शिकवणच तशी असते, त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. आठवड्यातून दोन तास वेगाचा नाद सोडून हे करून पाहा.

उतारा 100 ते 120 शब्दांचा घ्या. शंभर शब्दांत अनोळखी शब्द पाचांहून जास्त नकोत. विमानांच्या देखभाल-पुस्तिकांसाठी 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाची एक नियमावली आहे. त्यात सूचनेचं वाक्य 20 शब्दांहून लांब चालत नाही, वर्णनाचं 25 हून नाही, आणि एकामागोमाग तीनाहून जास्त नामं लावायची नाहीत. उतारा निवडायला ही मोजपट्टी उत्तम. बसत नसेल तर वाक्यं तोडून बसवून घ्या.

कागद अडकल्याचा हा उतारा याहून लहान आहे, पण वर्गात चांगला चालतो:

'टर्न ऑफ द प्रिंटर अँड अनप्लग इट. वेट थर्टी मिनिट्स फॉर द फ्यूजर टू कूल. ओपन द रिअर कव्हर. इफ यू कॅन सी द पेपर, पुल इट आउट स्लोली विथ बोथ हँड्स. डू नॉट टच द रोलर. इफ द पेपर टेअर्स, मेक शुअर दॅट ऑल द पीसेस हॅव बीन रिमूव्हड. क्लोज द कव्हर. प्लग द प्रिंटर इन अँड टर्न इट ऑन.'

पहिल्या फेरीत वाक्यांच्या पट्ट्या कापून उलटसुलट द्या. जोडीने क्रम लावायला पाच मिनिटं. इथे विद्यार्थी हमखास 'डू नॉट टच द रोलर' शेवटी लावतात. कव्हर बंद झाल्यावर रोलरला हात लागेल का, एवढंच विचारा.

दुसऱ्या फेरीत उपपदं गाळून उतारा टाइप करायला द्या, 'द'च्या जागी रेघ. वरच्या उताऱ्यात 'अ' एकदाही नाही, कारण प्रत्येक वस्तू समोरच आहे. हे त्यांना स्वतः शोधू द्या. सांगून टाकलंत तर विसरतील.

तिसरी फेरी 'इट'ची. प्रत्येक 'इट'खाली रेघ मारून तो कोणाबद्दल आहे ते लिहायचं. 'अनप्लग इट' प्रिंटर, 'पुल इट आउट' कागद. याच वेळी जोडक्रियापदं दाखवा. 'टर्न ऑफ द प्रिंटर' चालतं, 'टर्न द प्रिंटर ऑफ' चालतं, 'टर्न इट ऑफ' चालतं, 'टर्न ऑफ इट' चालत नाही. सर्वनाम मध्येच बसतं.

चौथी फेरी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने वीज काढलेल्या जुन्या प्रिंटरवर करून दाखवायचं, एक शब्दही मराठीत न बोलता. भंगारातला प्रिंटर यासाठी ठेवा. चुकलं की लगेच दिसतं. कागद एका हाताने ओढला तर तिरका फाटतो आणि तुकडा आत राहतो, मग 'विथ बोथ हँड्स' का लिहिलं ते वेगळं सांगावं लागत नाही. फ्यूजर 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, म्हणून 'वेट थर्टी मिनिट्स'.

अर्थ विचारताना 'भाषांतर करा' असं म्हणू नका. 'फाटला तर काय तपासायचं?' असं विचारा. भाषांतरात विद्यार्थी शब्द बदलून सुटतो, या प्रश्नात सुटता येत नाही.

यंत्रावर कुठे 'वॉर्निंग' असतं, कुठे 'कॉशन'. दोन्हींचा अर्थ सावधान ना?
*एक वाचक, मडगाव*

शब्दकोशात जवळपास, यंत्रावर नाही. सुरक्षा-चिन्हांच्या अमेरिकी मानकात ही उतरंड ठरलेली आहे आणि ती सहायकारी क्रियापदांवर उभी आहे. 'डेंजर': टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होईलच, तिथे 'विल'. 'वॉर्निंग': तेवढीच गंभीर इजा, पण होऊ शकते, तिथे 'कुड'. 'कॉशन': किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. 'नोटिस': माणसाला नाही, वस्तूला धोका. फ्यूजरजवळ बहुधा 'कॉशन: हॉट सरफेस' असतं. 'मस्ट', 'शुड', 'मे' यांनाही अशीच वजनं आहेत: करायलाच हवं, केलेलं बरं, करायला हरकत नाही. 'यू मे युज रीसायकल्ड पेपर' ही सूचना नव्हे, मुभा आहे.

थोडक्यात

*'वेस्ट टोनर बॉक्स' म्हणजे टाकाऊ डबा का? आमच्या शिपायाने फेकून दिला.* (हिंगोली)
नाही, वाया गेलेला टोनर साठवायचा डबा. इंग्रजी नामांची माळ शेवटून वाचा, जशी 'जिल्हा परिषद शाळा इमारत दुरुस्ती निधी' यातली खरी वस्तू शेवटचा 'निधी' आहे. 'पेपर ट्रे रिलीज लिव्हर': लिव्हर, सोडवायचा, ट्रेचा, कागदाच्या. नवा डबा मागवताना प्रिंटरचं मॉडेल कळवा, डबा नसेल तर बहुतेक यंत्रं छापत नाहीत.

*'लॉगिन' एक शब्द की दोन?* (ठाणे)
क्रियापद असेल तर दोन, नाम असेल तर एक. 'लॉग इन विथ युवर पासवर्ड', पण 'युवर लॉगिन हॅज एक्स्पायर्ड'. 'सेट अप' आणि 'सेटअप', 'बॅक अप' आणि 'बॅकअप' यांनाही हेच लागू. ताळा करायचा तर भूतकाळ करून पाहा: 'लॉग्ड इन' म्हणता येतं, 'लॉगिन्ड' नाही.

*'सॉफ्टवेअर्स', 'इक्विपमेंट्स' लिहिलं तर?* (अकोला)
चूक. 'सॉफ्टवेअर', 'हार्डवेअर', 'इक्विपमेंट', 'स्टेशनरी', 'फर्निचर', 'इन्फर्मेशन' या नामांचं अनेकवचन होत नाही. मोजायचं असेल तर 'टू पीसेस ऑफ इक्विपमेंट', 'थ्री प्रोग्राम्स'.

*ईमेलमधलं 'सीसी' म्हणजे?* (सांगली)
कार्बन कॉपी. टाइपरायटरवर दोन कागदांमध्ये कार्बन घालून काढलेली प्रत. 'सीसी'तल्या माणसाने फक्त माहिती घ्यायची असते, उत्तर 'टू'मधल्याने द्यायचं. दोन्हींकडून काम हवं असेल तर दोघांनाही 'टू'मध्ये घाला.

*'प्लीज रिव्हर्ट' बरोबर आहे का?* (पुणे)
भारतात 'उत्तर द्या' या अर्थाने चालतं. पण सॉफ्टवेअरमध्ये 'रिव्हर्ट' दाबलंत तर फाईल आधीच्या रूपात परत जाते आणि मधले बदल पुसले जातात. पत्रात 'प्लीज रिप्लाय' लिहा. 'रिव्हर्ट बॅक' तर नकोच.